पाणी मोजून, देव मोजून

बंगळुरूतल्या के. आर. पुरमचा हँगिंग ब्रिज मागे टाकून जुन्या मद्रास रस्त्याने होसकोट्याकडे निघालं की परिचर्या महाविद्यालयांच्या पाट्या लागोपाठ दिसू लागतात. तिथे एम. एस्सी. नर्सिंग करणाऱ्या मुलींना राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे प्रबंधाचा विषय नोंदवावा लागतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं आध्यात्मिक स्वास्थ्य हा त्यासाठी अगदी हाताशी असलेला विषय. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा ठरल्या वेळी येतो, चार तास एका जागी पडून असतो, शुद्धीवर असतो आणि बहुधा कोणीतरी दोन शब्द बोलावं अशी त्याची इच्छा असते. प्रश्नावली भरून घ्यायला याहून सोयीचा माणूस सापडणं कठीण.

या सोयीपायी जगभरात या प्रश्नावर लहान लहान अभ्यासांचा ढीग साचला आहे. अमेरिका, कॅनडा, ब्राझील, सौदी अरेबिया आणि सगळ्यांत हौसेने इराण. ते वाचताना एक गोष्ट खटकत राहते. रुग्णाजवळ श्रद्धा किती आहे, हे जवळजवळ प्रत्येकाने मोजलं आहे. उपचारांनी त्याच्याकडून काय काढून घेतलं आणि भोवतालच्या माणसांनी त्यातलं काय परत दिलं, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडलेला नाही. माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे.

आधी आजाराविषयी थोडं. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला तीस मिलिलिटरच्या खाली आली की आजाराचा चौथा टप्पा, पंधराच्या खाली गेली की पाचवा. यापुढे वाटा तीन. प्रत्यारोपण, डायलिसिस, किंवा यंत्राला न जुंपता औषधांवर आणि पथ्यावर त्रास आटोक्यात ठेवत जगणं. तिसरी वाट आपल्याकडे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. पैसे संपल्यावर ती आपोआप वाट्याला येते. डायलिसिस भारतात आलं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. जिवंत दात्याचं मूत्रपिंड बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रियाही तिथलीच, १९७१ची. २०१६ मध्ये पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, आणि पूर्वी दोन-चार महिन्यांत संपणारी माणसं आता वर्षानुवर्षं जगतात. त्यामुळेच हा प्रश्न उभा राहिला. मरणाऱ्या माणसाची शांती हा धर्माचा जुना विषय आहे. पण दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी मरण पुढे ढकलणाऱ्या माणसाची शांती ही गेल्या साठ वर्षांतली गोष्ट आहे.

आता मोजपट्ट्या. सर्वांत रुळलेल्या पट्ट्यांपैकी एक पॅलुट्झियन आणि एलिसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची, १९८२ची. तीत वीस विधानं आहेत. दहा देवाशी असलेल्या नात्याविषयी, दहा जगण्यातल्या अर्थाविषयी. प्रत्येकाला सहा पायऱ्यांत उत्तर द्यायचं आणि गुण वीस ते एकशेवीस. दुसरी, फॅसिट-एसपी नावाची, बारा विधानांची; मुळात कर्करुग्णांसारख्या दीर्घ आजाऱ्यांसाठी केलेली, तीत अर्थ, शांती आणि श्रद्धा असे तीन भाग पडतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी खास बनवलेली केडीक्यूओएल ही प्रश्नावली खाज, थकवा, पाण्याचं बंधन, प्रवास, शरीरसंबंध, दिसणं, सगळं विचारते. आध्यात्मिक स्वास्थ्य या एका गोष्टीवर ती गप्प आहे.

निष्कर्ष काय निघाले? वॉशिंग्टनच्या पटेल, किमेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डायलिसिसच्या ५३ रुग्णांचा अभ्यास केला. ज्यांची धर्मश्रद्धा पक्की होती त्यांना खिन्नता कमी, आजाराचं ओझं कमी आणि आपल्यामागे माणसं आहेत ही जाणीव जास्त, असं त्यांना दिसलं. रक्त किती स्वच्छ होतंय याच्याशी त्याचा संबंध नव्हता. २००८ मध्ये १६६ रुग्णांवर झालेला स्पिनाले यांचा अभ्यास जास्त मार्मिक आहे. आध्यात्मिक वृत्तीचे रुग्ण जास्त जगतात का, हा त्यांचा प्रश्न होता. सुरुवातीला तसं वाटलंही. पण सामाजिक आधार हिशेबात धरताच तो फायदा विरला. अध्यात्माचा गुण बहुधा माणसांच्या आधारातून पोचत असावा, असा निष्कर्ष त्यांना काढावा लागला. देवळात जाणाऱ्याला देव किती भेटतो ते ठाऊक नाही, पण शेजारी नक्की भेटतात.

कॅनडातल्या सारा डेव्हिसन आणि ज्ञान झांगरी यांनी २०१० मध्ये प्रगत मूत्रपिंडविकाराच्या २५३ रुग्णांमध्ये धार्मिकता आणि जगण्याचा अर्थ हे दोन्ही धागे सुटे करून पाहिले. जीवनमान चांगलं की वाईट, याचा अंदाज जगण्याला अर्थ आहे की नाही या जाणिवेवरून बांधता येत होता. निव्वळ धार्मिकतेवरून फारसा नाही. ब्राझीलमधल्या दीडशे रुग्णांच्या २०१४ च्या अभ्यासातही मानसिक आरोग्य आणि आध्यात्मिक स्वास्थ्य हातात हात घालून चालताना दिसले.

इथे हॅरोल्ड कोनिग यांचा २००८चा आक्षेप आठवावा. अध्यात्म आणि आरोग्य या विषयावरच आयुष्य घालवलेल्या या संशोधकाने म्हटलं की या पट्ट्यांमधली कितीतरी विधानं मुळात मनःस्वास्थ्याचीच आहेत. मन शांत आहे का, आयुष्य चांगलं वाटतं का, असं विचारायचं, त्याला अध्यात्म म्हणायचं आणि मग त्याचं खिन्नतेशी उलटं नातं सापडलं म्हणून आनंद मानायचा. समाधानी माणूस समाधानी असतो हे सिद्ध करायला एवढी आकडेमोड लागत नाही. शिवाय बहुतेक अभ्यास एकाच रुग्णालयातले, एकाच वेळी केलेले, हाताशी सापडलेल्या रुग्णांवरचे. श्रद्धेमुळे शांती आली, की शांत माणसालाच श्रद्धा परवडली, हे त्यातून कळत नाही. आणि पाचव्या टप्प्यात रक्तात साठलेली युरियासारखी द्रव्यं स्वतःच थकवा, खाज, पायांची रात्रीची तळमळ आणि डोक्याला एक जडपणा आणतात. रात्रभर अंग खाजवलेल्या माणसाने सकाळी ‘मला आतून शांत वाटतं’ या विधानापुढे काय लिहावं?

म्हणून दुसऱ्या बाजूने पाहू. पाण्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण या आजारात सगळं पाण्यापाशी येऊन थांबतं. लघवी जवळजवळ बंद झालेल्या रुग्णाला दिवसाला साधारण एक लिटरच्या आत राहायला सांगतात. त्यात चहा, आमटी, ताक आणि गोळ्यांबरोबरचा घोट हे सगळं आलं. चमचाभर तीर्थाने काही बिघडत नाही, पण आल्यागेल्याच्या हातावर पाण्याचा तांब्या ठेवणाऱ्या घरात स्वतः मात्र मापाच्या पेल्याने प्यायचं, हे रोज नव्याने टोचतं. आषाढी-कार्तिकीची निर्जळी एरवीच्या माणसाला वर्षातून दोनदा. हा रोजच निर्जळीच्या उंबरठ्यावर जगतो आणि त्याचं पुण्य त्याच्या खात्यावर कोणी टाकत नाही.

उपवासाचं तर फारच अवघड. साबुदाणा बिचारा निरुपद्रवी, नुसता पिष्टमय. पण खिचडीत पडणारे बटाटा आणि शेंगदाणे, शेजारचं रताळं, खजूर, केळं, शहाळं ही पोटॅशियमची भांडारं, आणि पोटॅशियम वाढलं की हृदय थांबू शकतं. दूध-दह्यात फॉस्फरस, म्हणजे पंचामृताचीही वाटी नको. चाळीस वर्षं एकादशी धरलेल्या बाईला आहारतज्ज्ञ एका वाक्यात ‘उपवास बंद’ सांगते, तेव्हा तिच्या आयुष्यातली महिन्यातून दोनदा येणारी एक खूण पुसली जाते. प्रश्नावलीत तिचे श्रद्धेचे गुण तेवढेच राहतील कदाचित. भगरीवर, किंवा बटाटा-शेंगदाणे वगळून केलेल्या थोड्या साबुदाण्यावर मापात एकादशी धरता येईल का, हे डॉक्टरांशी बोलून तिच्यासाठी कोणी बेतून दिलं तर तिचं काय बदलेल, हा अभ्यास मला कुठे वाचायला मिळालेला नाही.

मग हात. डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात. बोट ठेवलं की तिथे सतत एक थरथर लागते, आणि ती रोज सकाळी तपासायला रुग्णाला शिकवलेलं असतं. थरथर थांबली म्हणजे धावपळ. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर रक्तदाब मोजायचा नाही, तो उशाखाली घेऊन झोपायचं नाही, त्यात घट्ट बांगड्या घालायच्या नाहीत, मनगटावर दोरा, गंडा, राखी करकचून बांधायची नाही. हळदीकुंकवाला एक हात भरलेला आणि एक रिकामा घेऊन बसणाऱ्या सवाष्णीला लोक काय विचारतात, याची कल्पना करता येईल. फिस्टुला तयार होईपर्यंत मानेत नळी असते. ती भिजवायची नाही, म्हणून डोक्यावरून आंघोळ बंद. आणि आंघोळीशिवाय देवाला शिवायचं नाही असं मानणाऱ्याची पूजाही बंद. सिस्टरने आधीच सांगितलं की पुसून घेतलेलं अंगही स्वच्छच असतं, तर माणूस सुटतो. पण हे तिने सांगायचं की गुरुजींनी, हे कोणी ठरवलेलं नसतं. आळंदी ते पंढरपूर पायी वारीला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. आठवड्याला तीन डायलिसिस असलेल्याला वारी टीव्हीवरच.

आठवड्याचे बारा तास यंत्राला जातात असं म्हणतात, पण ते खरं नव्हे. टिन फॅक्टरीच्या चौकात अडकलेली रिक्षा, नंबर लागेपर्यंतची वाट, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून धरलेला बोळा आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत न उतरणारा शीण. २०२३ मध्ये जांभळ्या मार्गिकेची मेट्रो के. आर. पुरमपर्यंत आणि तिथून पुढे बैयप्पनहळ्ळीला जोडली गेल्यावर काहींचे हाल कमी झाले, पण रक्तदाब घसरलेला माणूस जिने चढून गाडीत उभा राहू शकत नाही. दिवस जातोच.

या भागातल्या मराठी रुग्णाची अडचण आणखी एक. बंगळुरूशी मराठीचं नातं जुनं आहे. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर इथे होती, आणि जुन्या पेठांत भावसारांची पांडुरंगाची देवळं आजही आहेत. व्हाइटफील्डच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मुलाने सोलापूर-लातुराहून आणलेले आईवडील मात्र त्या पेठांपासून पंधरा-वीस किलोमीटर लांब, बाराव्या मजल्यावर असतात. टेक्निशियन कन्नड, तेलुगू आणि कामापुरती हिंदी बोलतो. ‘पायात गोळा आलाय’ हे हिंदीत सांगता येतं. ‘एवढं करून कशासाठी जगायचं’ हे परक्या भाषेत कोणी बोलत नाही. मग ते मुलाला सांगायचं? त्याने तर रजा टाकून आणलेलं असतं. त्यामुळे वॉर्डातला मराठी म्हातारा ‘काही त्रास नाही’ म्हणतो, आणि तक्त्यात तशी नोंद होते. शेजारच्या खाटेवर कोणी मोबाइलवर पुरंदरदासांचं पद लावलं तर त्याला एवढंच कळतं की प्रत्येकाच्या शेवटी विठ्ठलाचं नाव येतंय. कधी कधी तेवढ्यावर संभाषण सुरू होतं. प्रश्नावलीने झालं नसतं असं.

मराठी वाचकाला आजार आणि अध्यात्म म्हटलं की डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आठवतं. पण हृदयरोगात माणूस वळण घेऊन नव्याने चालू लागतो. मूत्रपिंडाच्या या टप्प्यात तसं वळण सहसा नसतं. इथे जवळचं उदाहरण जयप्रकाश नारायण यांचं, आणि ते घडलं मुंबईत.

तरुणपणी मार्क्सवादी असलेल्या जेपींनी १९५२ मध्ये पुण्यात एकवीस दिवसांचा उपवास केला, आणि त्यानंतर लिहिलेल्या निबंधात प्रश्न टाकला की निव्वळ भौतिकवाद मानला तर माणसाने चांगलं का वागावं. १९५४ मध्ये बोधगयेला त्यांनी सर्वोदयासाठी जीवनदान जाहीर केलं. १९७३ मध्ये पत्नी प्रभावती गेल्या. जून १९७५ मध्ये आणीबाणीत अटक झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाली तेव्हा मूत्रपिंडं निकामी झाली होती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं. तिथे त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी यांनी पुढे ‘यमराजाज ब्रदर’ नावाचं आत्मचरित्र लिहिलं. यंत्रासाठी लोकांकडून वर्गणी जमली. पंतप्रधान साहाय्यता निधीतून आलेली रक्कम जेपींनी परत केली. श्वास चालू ठेवायलाही कोणाचे पैसे घ्यायचे हे ठरवण्याची मोकळीक त्यांनी सोडली नाही. आध्यात्मिक स्वास्थ्याच्या कुठल्या रकान्यात हे लिहायचं? मार्च १९७९ मध्ये तर त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट संसदेत पंतप्रधानांनी जाहीर केली, कामकाज थांबलं, देश हळहळला, आणि ते जसलोकमध्ये जिवंत होते. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचा शेवट झाला.

या चार वर्षांत या माणसाने विरोधी पक्षांना एकत्र आणलं, १९७७ची निवडणूक पाहिली, निवडून आलेल्यांना राजघाटावर शपथ दिली, आणि मग ते सरकार कोसळतानाही पाहिलं. डेव्हिसन यांच्या आकड्यांना जे सुचवायचं आहे ते इथे उघड दिसतं. यंत्रावरच्या माणसाला काम हवं असतं, आपली गरज कोणाला तरी आहे याचा पुरावा हवा असतो. पण जेपींना देश होता. के. आर. पुरमला लागून असलेल्या दूरवाणीनगरच्या आयटीआय कारखान्यातून निवृत्त झालेल्या फिटरला काय असतं? नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, सोसायटीतल्या कोणाचा मिक्सर दुरुस्त करणं, दळण आणणं. डायलिसिस सुरू झालं की घरचे प्रेमाने ही कामं एकेक काढून घेतात. ‘तुम्ही आता आराम करा’ हे वाक्य मला या आजारातलं सर्वांत घातक वाक्य वाटतं.

जगण्याची लायकी कोणाची, हा प्रश्न डायलिसिसच्या जन्मापासून आहे. १९६० मध्ये सिअॅटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी नळी बसवून दीर्घकाळ डायलिसिस शक्य केलं. पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स अकरा वर्षं जगला. यंत्रं थोडी होती, म्हणून रुग्ण निवडायला नागरिकांची एक समिती नेमली. वय, लग्न, मुलंबाळं, मिळकत यांच्याबरोबर माणूस चर्चमध्ये जातो का याचीही तिथे चर्चा होई. १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने हे छापलं आणि गदारोळ झाला. श्रद्धेचे गुण मोजून यंत्र द्यायचं! आपल्याकडे अशी समिती नव्हती. तिचं काम पैशाने केलं. त्याचा आध्यात्मिक परिणामही वेगळा. इथला रुग्ण स्वतःलाच विचारतो की माझ्यावर हा खर्च व्हावा का, नातीचं शिक्षण विकून मी चार वर्षं घ्यावीत का. ‘मी घराला भार झालोय’ ही भावना आपल्याकडच्या अस्वस्थतेच्या मुळाशी देवाविषयीच्या शंकेपेक्षा जास्त असावी, असं मला वाटतं.

प्रत्यारोपणातही हेच, वेगळ्या वेषात. १९९४च्या कायद्याने अवयवांचा बाजार बंद करून दान जवळच्या नात्यात आणलं. देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष. आईचं किंवा बायकोचं मूत्रपिंड पोटात घेऊन जगणाऱ्याच्या मनात कृतज्ञता असते, आणि कधी न फिटणाऱ्या ऋणाचं ओझंही. मेंदूमृत दात्याचा अवयव मिळावा म्हणून कर्नाटकात ‘जीवसार्थकथे’कडे आणि महाराष्ट्रात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडे नाव नोंदवून वर्षं काढणाऱ्याची अडचण आणखी बिकट आहे. आपला फोन वाजावा ही प्रार्थना म्हणजे कुठेतरी कोणीतरी जावं, हे त्याला कळत असतं. याविषयी त्याच्याशी बोलायला समन्वयकाकडे वेळ असेल तर ठीक, नाहीतर नाही.

शेवटी थांबण्याचा प्रश्न. डेव्हिसन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका पाहणीत ५८४ रुग्ण होते. डायलिसिस सुरू केल्याचा पश्चात्ताप होतो असं ६१ टक्के म्हणाले, आणि शेवटाविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलणं झालेले दहा टक्केही नव्हते. आपल्याकडे अन्न आणि औषध सोडून देह ठेवण्याची परंपरा आहे. जेपींना सर्वोदयाकडे ओढणाऱ्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केलं. जैनांच्या संथाऱ्यावर राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. डायलिसिस थांबवणं मात्र या परंपरेत कुठे बसतं, हे ना कीर्तनकार सांगतो ना डॉक्टर. घरच्यांना ते हार मानणं वाटतं, कधी पाप वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश मान्य केले, २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने त्याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. कागद तयार आहे. पण तो मुख्यतः बोलता न येणाऱ्या रुग्णासाठी आहे. डायलिसिसचा रुग्ण बोलू शकतो, त्याला फक्त विचारायला हवं.

विचारायचं कोणी? जागतिक आरोग्य परिषदेच्या २०१४च्या ठरावाने उपशामक सेवेत आध्यात्मिक दुःखाचा समावेश केला, मूत्रपिंडतज्ज्ञांच्या केडिगो या संस्थेच्या २०१५च्या अहवालातही तो आला. पण आपल्याकडची ही सेवा कर्करोगाभोवती वाढली. मुंबईचं शांती आवेदना सदन १९८६चं, पुण्याचं सिप्ला केंद्र १९९७चं, आणि मारतहळ्ळीजवळचं, के. आर. पुरमहून फार लांब नसलेलं करुणाश्रय १९९९ पासून चालू, तेही मुळात कर्करुग्णांसाठी. डायलिसिस केंद्रात डॉक्टर, टेक्निशियन, सिस्टर आणि बिलाची खिडकी असते. त्यातल्या त्यात चार तास जवळ वावरते ती सिस्टर. तिला प्रबंधासाठी वीस विधानं घेऊन पाठवण्याऐवजी दोन प्रश्न विचारायला शिकवावं, आणि उत्तर ऐकून घ्यायला पंधरा मिनिटं मोकळी द्यावीत. या आजारपणात तुमचं काय सुटलं? त्यातलं काय परत हवंय? उत्तरं बहुधा छोटी येतील: एकादशी, उजव्या हातात भरपूर बांगड्या, पंढरपुराजवळच्या केंद्रात दोन वेळचं डायलिसिस, मराठीत बोलणारं कोणी. ही सोय करता येते, तिला औषध लागत नाही.

आणि कोणी म्हणालं की आता बस, गावी न्या, तर तिथे औषध लागतं. लघवी पूर्ण थांबलेल्या माणसाने डायलिसिस सोडलं की बहुतेकदा आठवडा-दहा दिवस मिळतात. त्यात धाप लागते, मळमळते, खाज वाढते. त्यासाठी नेहमीचं मॉर्फिन चालत नाही, कारण ते मोडून तयार होणारी द्रव्यं निकामी मूत्रपिंडांतून बाहेर पडत नाहीत आणि माणसाला झटके येऊ लागतात. फेंटॅनिलसारखं औषध लागतं, ते कसं द्यायचं हे ठाऊक असलेला डॉक्टर लागतो, आणि तो गावात किंवा निदान फोनवर असावा लागतो. तो असेल तर घरचे अंथरुणाशी बसून हरिपाठ म्हणू शकतात. नसेल तर त्या रात्री सगळं घर रुग्णवाहिका शोधत असतं.